मावशीचा वेगळा ट्रे

१८ फेब्रुवारी, बुधवार

लिहायला मावशीने बसवलंय. मी आपणहून बसलेलो नाही, हे आधी लिहून ठेवतो.

सकाळी ती चर्चमधून आली ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. आजपासून ईस्टरपर्यंत त्यांचा उपवासकाळ. म्हणाली, "पोरा, या दिवसांत माणसाने काहीतरी सोडायचं असतं. तू काय सोडणार?"

म्हटलं, "मावशी, मी आजवर नोकऱ्याच सोडत आलोय."

हसली. मग खोकली. म्हणाली, "मग तू काहीतरी धर. आठवीतून पळालास ना? तिथून पुढे सुरू कर. रोज लिहायचं." आणि रेल्वेची जुनी डायरी दिली, अँथनी सरांची. ते तिचे यजमान. इथेच पेरांबूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फोरमन होते, वारले. डायरीतले वार जुळत नाहीत, खोडून वर लिहितो.

मी सुयोग चोगले, गाव हर्णै. कोळ्याचा पोर आणि मला बोट लागते. बंदरात अजून एकमेकांना सांगून हसतात. म्हणून रत्नागिरीला कोळंबी सोलली, गोव्यात भांडी घासली, मग चेन्नईत टी. नगरच्या एका हॉटेलात भटारखान्यात लागलो. दिवाळीत तिथनंही बाहेर. चर्चच्या पायरीवर बसून फोनवर भावाला शिव्या देत होतो, तर मागून मराठीत आवाज, "देवाच्या दारात आई काढतोस? कुठल्या गावचा रे तू?" ती फिलोमिना मावशी. वसईची. लग्न होऊन इकडे आली ती इकडचीच झाली. त्या दिवसापासून मी तिच्याच घरी.

उपवासकाळात दर शुक्रवारी चर्चची माणसं तिच्याकडून भाजलेले माशांचे खाऊ नेतात. यंदा तिचे हात थरथरतात. डोकं तिचं, हात माझे, असं ठरलंय.

नियम असा की मटण-कोंबडी बंद, मासे चालतात. मी म्हटलं, "उपवासाला सुरमई? आमच्यात वशाट ते वशाट. सोमवारी सुकटसुद्धा नाही."

"तुमचा देव वेगळा हिशोब ठेवत असेल," म्हणाली. बाकीचे फक्त शुक्रवारी पाळतात. मावशीचा मात्र पूर्ण काळ मांस बंद. सरांना टायफॉइड झाला होता तेव्हाचा नवस. एकदाही मोडला नाही म्हणाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला ट्रे जाळला.

काम तसं सोपं. पावाच्या कडा कापायच्या, लाटण्याने पाव लाटायचा, लोणी लावून वाट्यांच्या साच्यात दाबायचा, की पावाची वाटी झाली. त्यात कोळंबी, कांदा, मिरी, थोडं दूध-मैद्याचं दाटण. मग भट्टी. मावशीची भट्टी गोल आहे, ॲल्युमिनियमची, वर काचेचा डोळा. त्या डोळ्यातून काही दिसत नाही. नाकाने ओळखायचं, म्हणते. माझं नाक कोळंबी ताजी की शिळी ते सांगतं, पाव जळला हे सांगत नाही.

जळका वास खाली गेला आणि चंद्रिका अक्का वर आली. ही खालच्या घरातली, तंजावरकडची मराठी, शाळेत बाई होती. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, पण चाळीस वर्षं रोज संध्याकाळी पदर नाकाला लावून मावशीकडे येते. तिचं मराठी ऐकलं की वाटतं गडावरून कोणी राणी बोलतेय.

"अय्यो, फिलो! मासे जाळतोस कां रे तू? मेलेल्यांस पुन्हा मारतोस?"

"अक्का, तुम्ही श्वास कशाला घेता?"

"ह्यास जीभ आहे, हात नाहींत," मावशीला म्हणाली.

दुसरा ट्रे बरा झाला. चर्चमधून डबे रिकामे आले. मावशीने मात्र एक वाटी हातात घेतली, कडेचा तुकडा तोडला आणि तसाच बशीत ठेवला. लोखंड चघळल्यासारखं लागतं म्हणाली. औषधाने तसं होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मावशीला हॉस्पिटलात नेलं. पोटातल्या गाठीवर सलाईनमधून औषध चढवतात. डॉक्टरीणबाई वजनकाट्याकडे बघून तमिळमध्ये भराभरा बोलली. अक्काने मला समजावलं. वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध द्यायचं नाही. आणि औषध नाही तर मग काही नाही. खायला घाला, काहीही घाला, अंडी, कोंबडीचं सूप.

रिक्षात मी म्हटलं, "मावशी, सूप करतो."

"ईस्टरनंतर."

"फादरच म्हणाले ना आजाऱ्याला माफ आहे म्हणून?"

"माफी मागितली कोणी?"

घरी आल्यावर पेज केली, मऊ भात केला, वंजरमचं कालवण केलं. इकडे सुरमईला वंजरम म्हणतात. सगळं तसंच. मग माझं डोकं फिरलं. ओरडलो. म्हटलं, "तुम्ही खाणार नसाल तर मी कशाला थांबू? मला माणूस डोळ्यांदेखत सुकताना बघवत नाही. उद्या बॅग भरतो आणि जातो."

ती म्हणाली, "कुठे जाशील?"

बॅग काढून पलंगाखाली ठेवलीय. भरली नाही. पण काढून ठेवलीय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

खाल्लं! मावशीने खाल्लं!

हॉटेलात सगळ्या रश्शात एक पिवळी वडी कुस्करून टाकायचे. चवीची वडी. आजारी माणूससुद्धा बोटं चाटेल, असं तिथला वस्ताद म्हणायचा. काल जॉर्ज टाउनच्या घाऊक दुकानातून सुट्या वड्या आणल्या, चांदीच्या कागदातल्या, वर काही लिहिलेलं नाही. आज उद्याच्या ऑर्डरीची चव बघायला चार वाट्या केल्या, कोळंबीत वडी टाकली. खेकड्याच्या कवटीतही तोच मसाला भरून वर पावाचा चुरा लावून भाजला.

मावशीने वाटीचा घास घेतला. थांबली. नुसती थांबली, तोंडात घास तसाच. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं गेलं, आता थुंकणार.

"यात काय घातलंस रे?"

"मसाला. आमचा कोकणातला." खोटं बोललो. हॉटेलातली वस्तू म्हटलं तर तिला आवडत नाही.

तिने एकदा भिंतीवरच्या येशूकडे बघितलं, एकदा पलंगाखाली, जिथे बॅग होती. मग घास गिळला. दुसरा घेतला. अख्खी वाटी संपवली आणि खेकड्यातलं दोन चमचे.

मग म्हणाली, "चर्चच्या ट्रेमध्ये हा मसाला घालू नकोस. अजिबात नको. लोकांना तिखट होईल. माझा ट्रे वेगळा कर."

तिखट कुठे होता? पण आजारी माणसाच्या जिभेचं काय सांगावं. मी नाचलो. अक्का खालून काठीने छताला ठोकत होती.

७ मार्च, शनिवार

आता दोन ट्रे ठरलेत. चर्चचा मोठा शुक्रवारी, मावशीचा छोटा रोज, साध्या चार साच्यांचा. माकुलाच्या चकत्या, वंजरमचे तुकडे पावावर, तिसऱ्या शिंपल्यातच भाजलेल्या. वजन काट्यावर थांबलंय, उतरलं नाही. डॉक्टरीणबाई हसली.

आज फादर आले होते. मावशीने त्यांना मुद्दाम बोलावलं, पापं सांगायला. मागच्या शनिवारीही आले होते. आम्हाला बाहेर जायला सांगितलं. मी आणि अक्का जिन्यात बसलो.

मी म्हटलं, "एवढीशी बाई, घराबाहेर पडत नाही, दर आठवड्याला कसली पापं सांगते?"

अक्का म्हणाली, "तुज काय ठाऊक. पाप करायास बाहेर जावं लागत नाहीं." आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच काही केलंय.

१० मार्च, मंगळवार

घरी येऊन आधी लिहायला बसलो.

वड्या संपत आल्या म्हणून जॉर्ज टाउनला गेलो. दुकानदार म्हणाला, "चिक्कन की वेज?" मी म्हटलं, तीच, मागच्या वेळची, पिवळी. म्हणाला, "ती चिक्कन. वेज हिरव्या कागदात." मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने मोठा खोका काढून दाखवला. त्यावर कोंबडी काढलेली. एवढी मोठी कोंबडी, तुऱ्यासकट.

कोंबडी.

मी तिचा नवस मोडला. तिला न सांगता, तिच्याच हाताने, तिच्याच भट्टीत, तिच्याच तोंडात. इतकी वर्षं जपलेला. देव करो आणि तिला कधी कळू नये. बरं झालं चर्चच्या ट्रेमध्ये घालू नको म्हणाली, तिखट होतं म्हणाली म्हणून तेवढी माणसं वाचली. नाहीतर अख्ख्या चर्चला मी बाटवलं असतं.

हिरव्या वड्या घेऊन आलो.

१३ मार्च, शुक्रवार

हिरवी वडी लागत नाही. तीन दिवस झाले. मावशी एक घास घेते आणि बशी सरकवते.

आज म्हणाली, "तुझा कोकणातला मसाला संपला काय रे?"

मी म्हटलं, "हो."

"मग आण की."

"मावशी, तो चांगला नाही. शिळा असतो."

"मला चालतो," म्हणाली.

काय सांगू तिला? सांगितलं तर ती पाण्याशिवाय काही घेणार नाही, मी ओळखतो. नाही सांगितलं तर माझ्यासारखा नीच मीच. एका हातात तिचा जीव आणि एका हातात तिचा देव, आणि मी आठवी नापास. कोणाला विचारू? फादरला मराठी येत नाही आणि माझी तमिळ मासळी बाजारापुरती. तिथे पापाला शब्द लागत नाही.

डब्याच्या तळाशी तीन पिवळ्या उरल्या होत्या. त्यातली एक टाकली. मावशीने दोन वाट्या खाल्ल्या. मी मोरीत जाऊन ओकलो. मला बोट जमिनीवरही लागते म्हणायची.

२० मार्च, शुक्रवार

पिवळ्या पुन्हा आणल्या होत्या. रोज घालत होतो. रोज घालताना मनात म्हणायचो, हे माझ्या खात्यावर लाव, तिच्या नको. कोणाला म्हणत होतो ते माहीत नाही. येशूला की आमच्या एकवीरेला.

काल मावशीला रक्ताची उलटी झाली. मला कळलं, ही शिक्षा आहे. माझी होती, पण पडली तिच्यावर. आज सकाळी सगळ्या वड्या गटारात टाकल्या. कागदासकट. डबा घासून ठेवला.

अक्का म्हणाली, "काय रे, डबा एवढा चकचकीत कां?" मी डबा फळीवर मागे सरकवला.

२३ मार्च, सोमवार

तीन दिवस मावशी काही खात नाही. गालाची हाडं दिसतात. पुढच्या मंगळवारी वजन बघणार. कोपऱ्यात भट्टी नुसती बसून असते, काचेचा डोळा माझ्याकडे लावून.

मी खेकडे आणले, दोन्ही हातांना चावून घेतले, सोलले, भाजले. मावशी म्हणाली, "दिसतात छान." एवढंच.

आज संध्याकाळी मीठ काढायला गेलो तर शेजारच्या त्या घासलेल्या डब्यात पिवळ्या वड्या. भरपूर. मी गटारात टाकलेल्या नव्हेत, कोरड्या, नव्या. मीच आणल्या आणि विसरलो? वेड लागतंय का? दारू मी पीत नाही, पिण्याची ऐपतच नाही.

टाकली. दुसरं काय करणार होतो. ती खायला लागली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आज पळालो.

चर्चचा ट्रे भाजून दिला. बांगडे साफ करून मीठ-हळद लावून ठेवले उद्यासाठी, सवयीने. मग बॅग भरली. अक्का देवळात होती, मावशी झोपली होती. सेंट्रलला गेलो, मुंबईच्या गाडीचं जनरलचं तिकीट काढलं. दाराशी एका बिहाऱ्याच्या ट्रंकेवर बसलो.

गाडी सुटली आणि मला आठवलं की बांगडे ओट्यावरच राहिले, फ्रीजमध्ये ठेवले नाहीत. या उकाड्यात संध्याकाळपर्यंत वास मारतील. मावशीला उठून ठेवता येणार नाही आणि अक्का तर हात लावणार नाही. मग वास. मग मावशी उलटी करणार.

गाडी पेरांबूरला थांबली. मुंबईचं तिकीट काढून मी पेरांबूरला उतरलो. बिहारी म्हणाला, "भैया, बंबई आ गया क्या?" सगळा डबा हसला.

घरी आलो तर बांगडे फ्रीजमध्ये होते. झाकण लावून, वर उलटी परात. ओट्याजवळ मोरीत साबणाचा फेस, आणि अक्का कोपरापर्यंत हात घासत होती. हातावर सबंध साबणाची वडी संपवली असेल.

"कोठे गेलतास?"

"बाजारात."

"बॅग घेऊन?" मग म्हणाली, "फिलो दोनदां विचारली तुज. मी सांगितलें येतो म्हणून. आतां मज खोटें पाडूं नकोस."

३१ मार्च, मंगळवार

वजन पुरलं. औषध चढवलं.

परत येताना मी जॉर्ज टाउनला उतरलो, पाव आणि मिरीसाठी. दुकानदार मला बघून हसायला लागला. म्हणाला, तुमच्या घरून आले म्हणत एक अम्मा मागच्या आठवड्यात आली होती. कपाळाला मोठं कुंकू, दुकानात शिरेना, फुटपाथवरून हाक मारून चिक्कनची वडी मागितली. गिऱ्हाईकं बघत राहिली. पुडी हातात घेईना, पिशवी उघडून पुढे धरली आणि तोंड फिरवलं.

अक्का. अंडंसुद्धा न शिवणारी अक्का, बस बदलून जॉर्ज टाउनला.

म्हणजे अक्काला सगळं कळलंय. आणि तीही माझ्यासारखीच मावशीला फसवतेय, तिने जगावं म्हणून. मला रडू आलं, दुकानातच. आता पाप दोघांत वाटलं गेलं. पण मावशीला कोणीतरी सांगायला हवं. मरायच्या आधी माणसाला हे कळायला हवं की नको? मी सांगणार. शुक्रवारी. येशू गेले त्या दिवशी सांगितलं तर कदाचित माफ करेल.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

भट्टी थंड. आज ऑर्डरी नाहीत, आज कोणी खाऊ मागत नाही. मी सकाळी पाववाल्याला "हॅपी गुड फ्रायडे" म्हणालो तर त्याने पाव परत ठेवला.

औषधाने मावशी फार पडलीय. आवाज नाही. तीन वाजता गुडघे टेकायचे असतात, तिला टेकता आले नाहीत, म्हणून म्हणाली तू टेक. मी टेकले. मग तसाच पलंगाच्या कडेला धरून म्हटलं, "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्या ट्रेमधलं."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हात गरम होता.

"आज गप्प राहायचं, पोरा."

"पण मावशी, तो मसाला..."

"गप्प म्हटलं ना. सांगायचं होतं ते ज्याला सांगायचं त्याला सांगून झालंय."

तापात काहीबाही बोलते. मी गप्प बसलो. गप्प बसणं सांगण्याहून कठीण.

५ एप्रिल, रविवार, ईस्टर

सकाळी मावशी उशीला टेकून बसली. नवी साडी अक्काने नेसवली. चर्चची घंटा झाली तशी म्हणाली, "कोंबडी आण."

आणली. तेच साचे, त्याच पावाच्या वाट्या, कोळंबीच्या जागी कोंबडी. घाबरलेला होतो, चव नीट बसावी म्हणून सवयीने एक पिवळी वडी कुस्करली. भाजलं. यावेळी पाव जळायच्या आत नाकाने ओळखला.

मावशीने घास घेतला. बराच वेळ चघळत राहिली. अक्का पदर नाकाला लावून दारात.

मावशी म्हणाली, "कोंबडीत कोंबडीची वडी कशाला घातलीस रे? खारट झालं."

तिला वडी म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं. मी तर मसाला म्हणायचो.

अक्का म्हणाली, "मी तेव्हांच बोललें, फिलो, ह्याचा हात जड आहे. एक पुरेल तेथे चार घालतो. चांदीचे कागद केरांत टाकतो, तें मज दिसत नाहीं काय?"

"तुम्ही दोघी..." मी म्हटलं. "मावशी, पहिल्या दिवशीच?"

"पहिल्या घासाला." डोळे मिटूनच बोलत होती. "सरांच्या आजारात महिनाभर कोंबडीचं सूप मीच करत होते. मला कोंबडी कळणार नाही होय?"

"मग नवस?"

"नवस माझा होता. मी बघते. तू ट्रे धू."

दुसरा घास तिने घेतला नाही. खारट म्हणून, की जात नाही म्हणून, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. पुन्हा वजन बघायला बोलावलंय. तोवर काहीतरी पोटात जायला हवं. उद्या कमी मिठाचं करतो. वडी अर्धी.

उपवासकाळ संपला. मावशी म्हणाली तेवढं लिहून झालं. पण डायरीत पानं आहेत.

ट्रे धुतला, साचे पुसले. मग पलंगाखालची बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली, पार मागे, गणपतीच्या मखरासारखी. आता ती काढायची तर शिडी लागणार, आणि शिडी खाली अक्काकडे असते.